सातपाटीचं खळं आणि खाडीतला गाळ

मिरजेहून बोईसरला सहलीला कोणी जात नाही. मी गेले ती भावाकडे. सुधीर, माझा धाकटा भाऊ, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षं नोकरीला आहे. "अक्का, एकदा ये की," असं म्हणून तो थकला होता. यंदा आमच्या घरावर वरची खोली चढवून झाली, गवंडी गेले, घर धुऊन झालं आणि मार्गशीर्षात मी निघाले.

वरच्या खोलीचा उल्लेख करायला कारण आहे. बांधकामाच्या निमित्ताने वाळू या विषयात मी नको तितकी शिरले होते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ट्रकवाला सांगतो तितके ब्रास ट्रकमध्ये कधीच नसतात, हे मला फूटपट्टी लावून कळलं. नदीची वाळू मिळेना म्हणून शेवटी दगड फोडून केलेली वाळू वापरली. सरकारचाही आता तिच्यावरच भर आहे. मधल्या काळात वाळूचं धोरण किती वेळा फिरलं! आधी लिलाव, मग सरकारी डेपोतून ठरलेल्या दराने विक्री, मग पुन्हा लिलाव. कृष्णेच्या पात्रात पडलेले खड्डे मी लहानपणापासून पाहते आहे. त्यामुळे माझं मत साधं होतं: नदी असो की खाडी, तळातून काहीही काढायला सरसकट बंदी हवी. हे मत मी पिशवीत घालूनच बोईसरला उतरले म्हणा ना.

बोईसर

बोईसरला पहिल्यांदा लक्षात येतो तो वास. आंबटसर, औषधी, कधी असतो, कधी नसतो. सुधीरला तो येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हिंदी. भाजीवाला, रिक्षावाला, इमारतीचा रखवालदार, सगळे हिंदीत बोलतात, कारण कारखान्यांत माणसं देशभरातून आलेली. मी भाजीवाल्याला माझ्या मिरजेच्या हिंदीत "वांगा ताजा है क्या रे?" असं विचारलं. "है ना मावशी, एकदम ताजा वांगा," तो म्हणाला. त्याला मराठी येत होतं की तो माझी नक्कल करत होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी सुधीरची बायको वैशाली मला पाम गावाच्या रस्त्याने फिरायला घेऊन गेली. चिमण्या आणि टँकर मागे पडल्यावर एकदम ताडाची झाडं सुरू होतात. भाताची कापणी झालेल्या शेतात ओलीवर वाल पेरलेले होते. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी खारावल्या. इथे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर एक पीक निघतं, वर पाणी द्यावं लागत नाही. मी वाकून माती हातात घेतली, तर वैशाली म्हणाली, "अक्का, लोक बघताहेत. जमीन घ्यायला आलात असं वाटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हिराबाई आली. सातपाटीची मासळीवाली, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. सुधीरकडे ती त्याच्या लग्नाआधीपासून येते. टोपली उतरवतानाच तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय गो, पाहुनी कोन?"

"माझ्या नणंद. मिरजेच्या."

"मिरज कुटं आली?"

"कृष्णेकाठी," मी म्हणाले.

"म्हंजे नदीचं मासं खानारी. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो ना गो?"

"आम्हाला नाही येत."

"तुमाला कसा येनार? जल्म गेला त्यात!" आणि ती टोपलीवर वाकून खूप हसली.

बोंबील कसा निवडायचा ते तिने मला दाखवलं. कल्ल्यापाशी गुलाबी, अंग काचेसारखं, आणि जबडा घट्ट. "जबडा ढिला तं मासा मेला," ती म्हणाली. मासा तसाही मेलेलाच असतो, असं मी म्हणाले, तेव्हा तिने वैशालीकडे पाहून मान हलवली. वैशालीने त्या बोंबलांचं पाणी काढायला ते पाट्याखाली दाबून ठेवले आणि दुपारी तांदळाच्या पिठात घोळवून तळले. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. ज्वारीची भाकरी मात्र त्यांच्याबरोबर चालत नाही, तांदळाचीच लागते. हे मला मान्य करावं लागलं.

पैसे कनवटीला लावताना हिराबाई म्हणाली, "परवा मी येनार नाय. परवा साहेब येनार हाय, आमचं खळं मापायला."

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. सातपाटीच्या बायका तिथे बांबू रोवून, दोऱ्या ताणून बोंबील टांगतात. जागा सरकारी, पण हिराबाईची सासू, तिची सासू, सगळ्यांनी तिथेच सुकवलेलं. आता झालं होतं असं, की सातपाटीच्या खाडीचं तोंड गाळाने भरलेलं. ओहोटीला बोट आत येत नाही. मासळी भरून आलेली बोट बाहेर भरतीची वाट पाहत उभी राहते आणि मासळी तशीच पडून राहते. गाळ काढा, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी मागणी. ती आता मंजुरीच्या वाटेवर होती. फक्त काढलेला गाळ टाकायचा कुठे? एका बाजूला खारफुटी, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या बाजूला घरं. मोकळं म्हणण्यासारखं एकच: बायकांचं खळं.

"मग तुम्ही गाळ काढू नका म्हणता?" मी विचारलं. माझ्या मताला आधार मिळेल असं मला वाटलं होतं.

"गो बाय, माजा नवराच तांडेल हाय! बोट तोच हाकतो. गाळ काडा म्हनून सगल्यात मोट्यानं तोच बोंबलतो. मी नको कशी म्हनू? घरात ऱ्हायाचंय मला." मग ती गंभीर झाली. "काडा. पन माज्या खळ्यावर नको. पावसात बोटी बंद. तवा हा सुका बोंबील इकूनच चूल पेटते आमची. खळं गेलं तं पावसात काय खायाचं? गाळ?"

जाताजाता तिने विचारलं, एकदा टाकलेला गाळ सरकार पुन्हा उचलणार की कायमचा तिथेच ठेवणार? "तुमी शिकलेली मानसं. इचारा कुटंतरी."

सुधीरला फ्लॅटच्या कागदासाठी दुसऱ्याच दिवशी जिल्हा मुख्यालयात जायचं होतं. वैशालीने त्याच्या वतीने कबूल करून टाकलं.

कोळगाव

जिल्ह्याचं मुख्यालय बोईसर-पालघर रस्त्यावर कोळगावला आहे. सुधीर आणि मी वाटेत माणसं भरत जाणाऱ्या इको गाडीने गेलो. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर बोचकं, पायाशी पातेली. जव्हारकडच्या डोंगरातली. भाताचं काम संपलं म्हणून वीटभट्टीवर निघाली होती. नवरा पुढे गेलेला.

"दर वर्षी भट्टीवरच जाता?" मी विचारलं.

"नाय. आधी रेतीवर जात होतो, वैतरणेच्या खाडीला. बोटीतली रेती पाटीनं वर आनायची. मग बंदी आली, बोटी पकडल्या. काम गेलं."

वैतरणेत काय चालायचं ते सुधीरने मला सांगितलं होतं. बुडी मारून बादलीने रेती काढणं परवान्याने चालतं; सक्शन पंपाला बंदी आहे, कारण पंप तळ ओरबाडतो, काठ ढासळतात, पुलांच्या पायांना धोका होतो. मी त्या बाईला म्हणाले की, पंपाला बंदी बरोबरच होती.

"असंल बरोबर," ती म्हणाली. "रेतीवरून दर आठवड्याला घरी जाता येत होतं. भट्टीवरून नाय येत. पोरं आईकडं टाकलीत." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली.  कोळगाव आलं तेव्हा तिनेच पाय बाजूला घेऊन मला उतरायला वाट दिली.

मुख्यालय पाहून मी थक्क झाले. रुंद रस्ते, मोठ्या इमारती, सावलीपेक्षा फरशी जास्त. आमच्या तहसील कचेरीत माणूस माणसाला चिकटून उभा असतो. इथे हाक मारली तर आवाज घुमतो. सुधीरचं काम अर्धवट झालं, म्हणजे पुढची तारीख मिळाली. मग विचारत विचारत आम्ही हव्या त्या टेबलापाशी पोचलो. चष्मा कपाळावर चढवलेल्या एका कर्मचाऱ्याने, त्याचा चहा आलेला असूनही, आमचं नीट ऐकून घेतलं.

त्याने सांगितलं ते असं. खाडीतून निघालेल्या मालात रेती जास्त असेल, तर ते गौण खनिज. त्यावर सरकारचा हक्क, त्याचा लिलाव होतो, घेणारा उचलून नेतो. पण निव्वळ चिखल निघाला तर तो कोण विकत घेणार? तो पडतो तिथेच राहतो.

"सातपाटीला काय निघेल?" सुधीरने विचारलं.

"तपासल्याशिवाय कसं सांगू? पण तिथल्या लोकांना विचाराल तर चिखलच म्हणतील."

"मग ती जागा वाचायला मार्ग काय?" मी विचारलं.

"ताई, सातबाऱ्यावर जागा सरकारी पडीक. पण प्रत्यक्ष वापर असेल, तर तो पंचनाम्यात यायला हवा. वापर आला की पर्यायी जागा शोधावी लागते. उद्या साहेब जातील, डोळ्यांनी बघतील, बघतील ते लिहितील." मग त्याने चहाकडे हात नेला आणि आम्ही उठलो.

बाहेर पायऱ्यांवरूनच सुधीरने हिराबाईला फोन लावला. तिकडे वाऱ्याचा आवाज होता, म्हणून तो ओरडून बोलत होता. "साहेब स्वतः जागा बघणार! बघतील ते लिहिणार! त्यांच्या लिहिण्यावर सगळं आहे!"

"कललं, कललं," हिराबाई ओरडून म्हणाली. "मी करते सगलं बराबर."

मला हे फार समाधानकारक वाटलं. परतताना आम्ही ताडगोळ्यांची चौकशी केली. ते उन्हाळ्यात मिळतात, असं एका दुकानदाराने हसून सांगितलं.

सातपाटी

पालघरहून सातपाटीच्या रस्त्याला लागलं की शेवटी शेवटी गाव दिसायच्या आत गाव कळतं, सुक्या मासळीच्या वासावरून. वैशाली आणि मी सकाळीच पोचलो. ओहोटी होती. खाडीत पाण्याची एक बारीक धार, दोन्ही बाजूंना काळाकुट्ट चकचकीत गाळ, आणि त्यात बोटी कलून पडलेल्या. गाळ किती खोल असेल ते बघावं म्हणून मी काठावरून एकच पाऊल पुढे टाकलं. पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. तिथल्या एका म्हाताऱ्याने काठीने ढवळून पाहिलं आणि सांगितलं, "गेली ती. दुसरीबी टाका, जोडी तरी ऱ्हाईल." अनवाणी पायांनी मी हिराबाईचं घर गाठलं. तिने मला तिच्या नवऱ्याची रबरी चप्पल दिली. ती मला होडीएवढी होत होती.

"चला, खळं बघा माजं," ती म्हणाली. तिचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा फुलला होता.

खळ्यावर पोचलो. एकही बोंबील नव्हता. बांबू उभे होते, पण दोऱ्या सोडवून, गुंडाळून ठेवलेल्या. जमीन झाडून, पाणी मारून, पुन्हा झाडलेली. दोन्ही टोकांना रांगोळी. सगळ्या बायका काठापदराची लुगडी नेसून एका बाजूला उभ्या. मध्यभागी प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर टॉवेल.

"बोंबील कुठेत?" वैशालीने विचारलं.

"सुकलेला बाजारात धाडला. नवा लावलाच नाय. साहेब बघनार, त्यांच्या डोस्क्यावर बोंबलाचं पानी गळवायचं काय? पावनं येनार तं अंगन झाडायला नको?" हिराबाई म्हणाली. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. कालपासून त्यांनी हेच केलं होतं.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही काही बोलणार तोच जीप आली.

साहेब तरुण, नम्र माणूस होता. खुर्चीवर बसला नाही. बरोबरच्या माणसाने फीत धरली, त्याने लांबी-रुंदी घेतली, बांबूंकडे पाहिलं, लिहिलं. मग रीतीप्रमाणे मजकूर वाचून दाखवला: सदर जागा मोकळी व स्वच्छ असून, काही ठिकाणी जुने बांबू रोवलेले आहेत, सध्या कोणताही वापर आढळत नाही.

थोडा वेळ कोणाला समजलंच नाही. मग हिराबाईला समजलं.

"वापर नाय? साहेब, तुमच्यासाठीच साफ केलं!"

"मावशी, छान साफ केलंय. पण मला दिसतं तेच लिहावं लागतं. मी ऐकीव लिहिलं तर उद्या दुसरा येऊन दुसरं ऐकीव लिहील."

"इचारा कोनालाबी! आख्ख्या सातपाटीला इचारा!"

"सही अजून झालेली नाही," तो म्हणाला. "मला खाडीच्या तोंडाकडे मोजायला जायचंय. दुपारी पंचांच्या सह्या घ्यायला परत येतो."

जीप निघून गेली. बायका एकमेकींवर ओरडू लागल्या. झाडायची कल्पना कोणाची, रांगोळी कोणी काढायला सांगितली. हिराबाई मात्र त्या टॉवेलच्या खुर्चीवर जाऊन बसली. मग एकदम उठली. "दोऱ्या बांधा," ती म्हणाली.

"पन लावायचं काय?"

"बोटी येतील ना भरतीला."

आम्हीही दोऱ्या बांधायला लागलो. पाणी चढलं तशा बोटी आत आल्या. हिराबाईचा नवरा जनार्दन, काळा, सडसडीत, आवाज बसलेला, टोपली घेऊन आला आणि बायकोकडे न पाहता म्हणाला, "पहाटंच आलो व्हतो. पानी नाय. भायेर बसून ऱ्हायलो. बघ काय झालं त्यांचं."

बोंबील मऊ पडले होते. सुकवायला टांगताना एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. हे जबडे धरतच नव्हते. टांगलं की सुटायचं, खाली पडायचं. हिराबाईने ते सरळ मधोमध दुमडून दोरीवर टाकायला सुरुवात केली, ओल्या फडक्यांसारखे.

"हे सुकनार नाय," जनार्दन म्हणाला.

"म्हाईत हाय."

"मग कशाला लावते?"

"साहेबाला दिसाया."

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हंजे तुजं खळं वाचव, नि माजी बोट भायेरच ऱ्हाऊ दे."

"तुजी बोट आत आली नि खळंच नसलं, तं मासं काय डोस्क्यावर सुकवू?"

बाकीच्या बायका हसल्या. तो हसला नाही. पण टोपली घेऊन परत गेला, आणि दुसरी भरून आणली.

साहेब आला तेव्हा खळं भरलेलं होतं. त्याला वाकून चालावं लागत होतं. पाणी गळत होतं. एक बोंबील सुटून त्याच्या खांद्यावरून थेट कागदावर पडला. त्याने तो शेपटीला धरून उचलला, कुठे ठेवावा ते न कळून थोडा वेळ धरून ठेवला आणि शेवटी हिराबाईच्या हातात दिला. त्याला सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. सकाळी नव्हतं, दुपारी आहे. त्याने सकाळचं वाक्य खोडलं नाही. खाली वेळ घालून नवं लिहिलं: दुपारी पुन्हा पाहणी केली असता संपूर्ण जागेत मासळी सुकवण्याचं काम चालू असल्याचं आढळलं.

"पंच कोण?" त्याने विचारलं. "मासेमारी करणारा एक हवा."

बायकांनी जनार्दनकडे पाहिलं. वापर आहे असं लिहिलेल्या कागदावर सही म्हणजे पर्यायी जागेचा शोध, आणि तो शोध लागेपर्यंत गाळ खाडीतच. हे त्याला आमच्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. त्याने कागद घेतला, तोंडातल्या तोंडात पूर्ण वाचला.

"साहेब, एक ओळ अजून लिवा. आजचं ह्ये मासं वाया गेलं. गाळापायी."

"तात्या, हा जागेचा पंचनामा आहे. ते यात बसत नाही."

"मग कशात बसतं?"

साहेब पेन पुढे धरून उभा राहिला. जनार्दनने लुंगीला हात पुसले आणि सही केली.

त्यानंतर बरेच दिवस झाले. वैशाली फोनवर सांगते की पर्यायी जागा पाहणं चालू आहे, खळं आहे, गाळही आहे. माझं सरसकट बंदीचं मत मी अजून दुरुस्त करते आहे. कृष्णेत ते खरं आहे, सातपाटीत नाही, आणि त्या वीटभट्टीवर निघालेल्या बाईचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या दिवशी जीप गेल्यावर आम्हीही निघणार होतो. रबरी चप्पल घालूनच जा, असं हिराबाईने बजावलं. ती आणि जनार्दन दोरीवरून बोंबील उतरवत होते. कोंबडीच्या खाद्याला घेणारा संध्याकाळी येतो, त्याला द्यायचे म्हणून. दोघं एकाच दोरीच्या दोन टोकांनी सुरुवात करून मधे पोचले.

"उद्या लौकर ये," ती म्हणाली.

"पानी असलं तं येईन," तो म्हणाला, आणि टोपली उचलली.